पुढच्या रांगेतली मोनाली

कलाबाई उके दारात येऊन उभी राहिली तेव्हा सुमित्राबाई ओसरीवर लाखोरीच्या डाळीतले खडे निवडत बसल्या होत्या. वैशाखाचं ऊन दहा वाजताच अंगणात उतरलं होतं. कलाबाई पायरीखालीच थांबली. दवनीवाड्याच्या शाळेत सुमित्राबाईंनी तेवीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त होऊनही आता तेरा वर्षं झाली, पण गावातल्या बाया अजून त्यांच्या घराशी शाळेच्या दाराशी थांबावं तशा थांबत. बोलावल्याशिवाय कोणी वर येत नसे.

पाणी पिऊन झाल्यावर कलाबाईनं आधी घराचं सांगितलं. कोरोनाच्या साली वैनगंगेचा पूर नाल्यातून उलटा चढून त्यांच्या टोलीत, गावाबाहेरच्या वस्तीत, घुसला होता आणि मातीचं घर बसलं होतं. त्यानंतर घरकुल मंजूर व्हायला, बांधून व्हायला, गिलावा व्हायला इतकी वर्षं गेली. आता कुठं भिंतींना निळा रंग लागला. मुलगा संघदीप हैदराबादला एका कंपनीत कामाला आहे, तो बुद्धपौर्णिमेला येतो आहे. त्या दिवशी नव्या घरात वंदना घ्यायची, चार माणसं बोलवायची. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली नवऱ्याचा, सेवकरामचा फोटो. तो गेला त्याला चार वर्षं झाली. त्याच्या शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेवला आहे.

तो खिळा कोणासाठी, हे सुमित्राबाईंना सांगावं लागलं नाही. मोनाली, संघदीपची मोठी बहीण. हजेरी क्रमांक तेवीस. सिकलसेलच्या दुखण्यानं गेली तेव्हा नुकतीच आठवीत गेली होती आणि संघदीप जेमतेम पाच वर्षांचा होता. तेव्हा उक्यांच्या टोलीत फोटो काढणारा मोबाइल कोणाकडेच नव्हता. तिचा म्हणून घरात एकच फोटो होता. तो सुमित्राबाईंनीच काढलेला, त्यांनीच घरी छापून फ्रेम करून दिलेला.

“पुरात भिजला,” कलाबाई म्हणाली. “काचेच्या आतून गाळ गेला होता. मी फोटो बाहेर काढला अन् धुतला. मी धुवून राहिली तसा रंगच जाऊन राहिला जी. हातात कोरा कागद आला.”

सुमित्राबाईंनी मान खाली घातली. घरच्या प्रिंटरची शाई पाण्याला टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या वहीत ते लाल पेनानं लिहिलेलंही होतं. कलाबाईला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

पुराला पाच वर्षं होत आली, मग आधी का नाही आलीस, असं त्यांनी विचारलं. कलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तवा संघदीपचा बाप होता ना,” ती म्हणाली. “मी विसरली का तो सांगे. कपाळ असं होतं, हासे तवा असं करे. आता सांगनारा कोनी नाही. बाई, मले माह्या पोरीचा चेहरा आठवत नाही. वेणी आठवते. चपला आठवतेत. ताप भरला का हात कसा लागे ते आठवते. तोंड येतच नाही.”

सुमित्राबाई म्हणाल्या, “माझ्याकडे आहे. मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे. पहिल्यापेक्षा मोठा छापून देते. परवा ये.”

कलाबाई उठली. जाताना तिनं सुपातले दोन खडे आपणच निवडून बाजूला टाकले.

सुमित्राबाईंच्या आठवणीचा गावात दबदबा होता. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या बाप्याला त्या त्याचा हजेरी क्रमांक सांगत, तो कोणाच्या शेजारी बसत होता ते सांगत आणि कोणत्या कवितेला अडखळत होता तेही. गावचा मोठा तलाव त्यांच्या सासरच्या माणसांनी तीन पिढ्यांपूर्वी बांधलेला. त्याची पाळ कोणत्या साली फुटली, कोणाच्या भाताच्या बांधीत पाणी शिरलं, तेव्हा मातीच्या टोपल्या कोणी कोणी वाहिल्या, हे त्यांना सासूनं सांगितलं होतं आणि त्यांनी ते जसंच्या तसं ठेवलं होतं. नव्वदच्या साली दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कोणत्या दंडारीत कोण नाचलं, हे विचारायला अजून पोरं येत. म्हणून “माझ्याकडे आहे” म्हणताना त्यांच्या मनात केसभरही शंका नव्हती.

हा फोटोचा आणि कॉम्प्युटरचा नाद त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागला. सरकारनं शिक्षकांना एमएस-सीआयटीची परीक्षा सक्तीची केली, तेव्हा बाकीच्यांनी ती कशीबशी काढली आणि पुन्हा माऊसला हात लावला नाही. सुमित्राबाई मात्र गोंदियाच्या क्लासहून परतताना बसमध्ये मांडीवर बोटं आपटत टायपिंग घोकत. नवरा दुधराम तेव्हा होता. या वयात कायले शिकून राहिली, कोणी कलेक्टर करून राहिलं का तुले, असं तो चारचौघांत विचारी. पुढच्या दिवाळीला मुलगा भूपेंद्र नागपूरहून आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. पाठोपाठ पेन्सिल सेलवर चालणारा एक लहानसा कॅमेरा आला. मग काही दुधरामचं ऐकू आलं नाही.

शिकलेलं विसरू नये म्हणून त्यांनी तीन वह्या घातल्या. एक फोटोची, एक वेबसाइटची, एक बिघाडांची. शाळेच्या टाचणवहीसारख्याच, समास पाडून, तारीख टाकून. फोटोच्या वहीत लिहिलेलं होतं : उन्हाकडे पाठ करून फोटो काढावा, पण माणसांना डोळे मिटायला लागतील इतकं ऊन नको. सकाळी नऊच्या आत तलावाचं पाणी चांगलं येतं. दर खेपेला कार्ड फॉरमॅट करून मगच बाहेर पडावं. वेबसाइटच्या वहीत होतं : एकही कंस उघडा राहिला तर पुढचं सगळं पान कोसळतं. चित्र साठ केबीच्या वर नको, गावातल्या नेटवर उघडत नाही. बिघाडांच्या वहीत तर शंभरावर नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे उपाय, आणि उपाय लागू पडला की लाल पेनानं बरोबरची खूण.

गावाची वेबसाइट त्यांनी एकटीनं उभी केली होती, एका फुकट मिळणाऱ्या जागेवर. तलाव, भाताचा रोवणा, मंडई, शाळा अशी चार पानं. वरच्या पट्टीला भाताच्या परह्यांचा, कोवळ्या रोपांचा, हिरवा रंग यावा म्हणून त्या आठ दिवस झगडल्या होत्या. गावातल्या धुरपताबाईच्या नातवानं सुरतेहून फोन करून सांगितलं होतं की वेबसाइटवर आजीला पाळीवर बसलेली पाहिली, आणि मग बराच वेळ तो फोनवर नुसता श्वास घेत राहिला होता. त्या दिवसांत सुमित्राबाईंना वाटे, या गावातलं आता काही हरवणार नाही.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. सहा-सात वर्षांत तो लावलेला नव्हता. बटण दाबलं तर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून लांब शिट्टी यायला लागली. त्यांनी बिघाडांची वही काढली. नोंद एकेचाळीस : लांब शिट्टी, पडदा काळा. उपाय : पेटी उघडून रॅमची पट्टी काढावी, तिचे पिवळे दात पेन्सिलच्या खोडरबरानं घासावेत, पुन्हा बसवावी. त्यांनी खोडरबर शोधला, पट्टी घासली, फुंकर मारली आणि बसवली. पडदा उजळला. एकाहत्तराव्या वर्षी आपल्याच हाताचं लिहिलेलं आपल्याला उपयोगी पडलं, म्हणून त्या एकट्याच हसल्या.

फोल्डर लगेच सापडलं. ‘शाळा २०११’. सातवीच्या वर्गाचा, तलावाच्या पाळीवर काढलेला फोटो त्यांनी उघडला. पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढा चौकोन आला. त्यांनी तो मोठा केला. पोरं सुटी सुटी झाली, मग त्यांचे चौकोन झाले, मग चौकोनांत चौकोन. मोनालीच्या जागी आठ-दहा ठिपके होते. काही तपकिरी, दोन काळे, एक पांढरट.

चूक कुठंतरी असेल, दुसरी प्रत असेल, म्हणून त्यांनी सगळी फोल्डरं पाहिली. सगळे फोटो त्याच मापाचे. शेवटी त्या पुन्हा वहीकडे वळल्या आणि एक एक नोंद वाचत गेल्या. ती नोंद सदुसष्टावी होती.

‘दि. ९-६-२०१३. सी ड्राइव्ह भरला. यंत्र फार हळू. उपाय : सर्व फोटो वेबसाइटच्या मापाचे केले. मूळ फोटो काढून टाकले. रिसायकल बिन रिकामा केला. यंत्र आता उत्तम चालते.’

पुढे लाल खूण होती.

अक्षर त्यांचंच होतं. केल्याचं मात्र काही आठवेना. तेवीस वर्षांची हजेरी पाठ असलेल्या बाईला, आपण एका दुपारी बसून शेकडो माणसांचे चेहरे पुसले, हे आठवत नव्हतं. मोनाली गेल्यावर त्यांनी मूळ फोटोतून तिचा चेहरा कापून छापला होता, तेवढं आठवत होतं. छापून झाल्यावर कॉम्प्युटरनं विचारलं होतं, बदल साठवायचे का. त्यांनी नाही म्हटलं होतं. साठवले असते तर मूळ फोटो बिघडला असता, म्हणून.

वेबसाइट कधीच बंद झालेली. ती फुकट जागा देणाऱ्यांनी दुकानच गुंडाळलं होतं. मोबाइलवर पत्ता घातला तर पान सापडत नाही एवढंच येई. भूपेंद्रला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई, क्लाउडवर ठेवायचे होते ना. त्या साली तुझं क्लाउड माझ्या दारात आलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यानंच विचारलं की कॅमेऱ्याचं जुनं कार्ड आहे का. कार्डावरून पुसलेले फोटो कधी कधी परत निघतात.

कार्ड कॅमेऱ्यातच होतं, कपाटात डांबरगोळ्यांशेजारी.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी कलाबाई आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, थोडं काम निघालं आहे, गोंदियाला जावं लागेल. कलाबाईनं मान हलवली. घाई नाही बाई, ती म्हणाली, पौर्णिमेले सहा दिवस आहेत. तिनं सहा बोटं दाखवली नाहीत, पण सुमित्राबाईंना ती दिसली.

गोंदियाला उमेंद्रचं दुकान बाजारातल्या एका बोळात आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, कॅमेरे बसवणं, फोटो छपाई, सगळं एका खोलीत. तो सुमित्राबाईंचाच विद्यार्थी, आता डोक्यावर केस राहिले नव्हते. बाई आल्या म्हणून त्यानं गिऱ्हाइकाची खुर्ची फडक्यानं पुसली, थंड पाणी मागवलं, आणि एका व्यापाऱ्याचं अर्धवट उघडलेलं यंत्र बाजूला सारून कार्ड लावलं. मध्येच फोन आला की तो हिंदीत बोले, “हां भैया, शाम को, पक्का,” आणि पुन्हा बाईंकडे वळून मराठीत.

“कोशिश करतो बाई. पण गॅरंटी नाही देत. तुम्ही याच्यानंतर किती फोटो काढले यावर आहे. नवीन फोटो जुन्याच्या जागेवर बसते.”

किती काढले होते, हे पुढच्या दोन तासांत दिसत गेलं. पडद्यावर एकेक फोटो वर येत होता. खंड्या पक्षी. कमळं. पुन्हा खंड्या. शिंगाड्याचे वेल. पाळीवरचं सावरीचं झाड, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. निवृत्त झाल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला होता. एकाच खंड्याचे चौऱ्याऐंशी फोटो त्यांनी काढले होते, कारण त्याची चोच नीट येत नव्हती. प्रत्येक वेळी, वहीत लिहिल्याप्रमाणे, कार्ड फॉरमॅट करून.

मग एकदम उमेंद्र म्हणाला, “हे पाहा बाई. हे शाळेचं हाय ना?”

वर आभाळ होतं. त्याखाली सावरीच्या फांद्या, एकेक काडी मोजावी इतक्या स्वच्छ. त्याखाली मागच्या रांगेतले लोक : हेडमास्तर बिसराम गुरुजी, जे त्यानंतर दोन वर्षांनी वारले, त्यांचा चष्मा, चष्म्यात तलावाचं पाणी. त्यांच्या शेजारी दुलीचंद, राहुल, गण्या, उंच पोरं, कपाळावर तेल, एकाच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. सुमित्राबाई पडद्याजवळ सरकल्या. इतकं सगळं होतं तर. आणि पोरांच्या छातीपासून खाली फोटो नव्हताच. नुसता करडा रंग, लिंपलेल्या भिंतीसारखा, तळापर्यंत.

“बाकीचा?”

“बाकीचा नाही निघत बाई. फोटो वरून खाली उघडते. जितका वाचला तितका उघडला. खालच्या जागेवर दुसरं बसलं.”

खालच्या रांगेत मुली बसल्या होत्या. सुमित्राबाईंना तो दिवस लख्ख आठवला. मोनाली उंच होती, वर्गात दुसरी-तिसरी. तिची जागा मागे, पोरांच्या बरोबरीला. ती तिथं जाऊन उभीही राहिली होती. पण पाळ चढून आल्यावर तिला धाप लागली होती, डोळे पिवळे दिसत होते. सुमित्राबाईंनीच कॅमेरा खाली घेऊन हाक मारली होती. मोनाली, तू उभी नको राहू. पुढं येऊन बस. ती मुकाट्यानं आली आणि गवतावर बसली.

उमेंद्रला हे त्यांनी सांगितलं नाही. तो मात्र त्यांच्याकडं पाहून हळहळला आणि म्हणाला की आता दुसरा एक जुगाड आहे. बाईंनी सोबत आणलेल्या पेन ड्राइव्हवरून त्यानं तो लहान, ठिपक्यांचा फोटो घेतला, मोनालीच्या जागेचा तुकडा कापला आणि मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकला. आजकाल लोक आजोबा-पणजोबांचे पुसट फोटो घेऊन येतात, त्यांना हे असंच करून देतो, असं सांगत असतानाच पडद्यावर एक मुलगी आली.

गोरी. गुबगुबीत गालांची. एकसारखे पांढरे दात, पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्वच्छ डोळे. कपाळावर एक बट.

“ही मोनाली नाही,” सुमित्राबाई लगेच म्हणाल्या.

“मग सांगा कशी होती. तसं करून देतो.”

सावळी होती, त्या म्हणाल्या. उमेंद्रनं रंग उतरवला. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. त्यानं दात चढवला. गाल बसलेले होते. गाल बसवले. डोळे जरा लांब. नाक? नाकाशी सुमित्राबाई थांबल्या. उमेंद्रनं दोन नाकं दाखवली. पहिलं म्हणाल्या, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. प्रत्येक खेपेला मुलगी बदलत होती आणि प्रत्येक खेपेला त्यांना वाटत होतं की आता जवळ आली. सहाव्या खेपेनंतर त्यांनी डोळे मिटून खरी मोनाली समोर आणायचा प्रयत्न केला, ताडून पाहायला. समोर सहाव्या खेपेची मुलगीच आली.

उमेंद्रनं ती चांगल्या कागदावर छापून दिली. बसमध्ये त्यांनी पाकीट उघडलं नाही. शहर मागे पडलं, उन्हानं करपलेली शेतं सुरू झाली, आणि सगळ्या वाटेनं त्या एकच गोष्ट ठरवत होत्या. कलाबाईला खरं सांगायचं. पाकीट दाखवायचं का नाही, ते मात्र ठरलं नाही.

कलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. या वेळी न बोलावता पायऱ्या चढली. पाकीट कोनाड्यात होतं, तिची नजर आधी तिथंच गेली. सुमित्राबाई बोलायला लागायच्या आधी ते तिच्या हातात होतं.

तिनं फोटो उजेडाकडे धरला. मग जवळ घेतला. तिचे ओठ हलत होते. सुमित्राबाईंनी त्याच वेळी सांगून टाकलं, सगळं, कॉम्प्युटरची नोंद, कार्ड, करडा रंग, मोबाइलमधलं यंत्र. हा फोटो काढलेला नाही, बनवलेला आहे. दोष माझा आहे.

कलाबाई ऐकत होती की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मंग हे कोन होय?”

“कोणीच नाही.”

“असं कसं जी. तोंड आहे तर कोनाची तरी लेक असन.” तिनं फोटो पुन्हा पाहिला, आता अनोळखी घरातल्या पोरीकडं पाहावं तसा. “मी हिच्यापुढं मेणबत्ती कशी लावू बाई?”

तिनं फोटो पालथा करून ओसरीवर ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. वर्गात बसावी तशी.

“तुम्ही तं पाह्यली होती ना तिले. तुमाले तं सप्पाईचे चेहरे आठवतेत. तुम्ही सांगा. मी डोळे मिटतो.”

तिनं खरंच डोळे मिटले.

सुमित्राबाईंनी सुरुवात केली. सावळी होती. वरचा दात चढलेला. डोळे जरा लांब. हसताना आधी खाली पाहायची. कलाबाईच्या पापण्या थरथरल्या. गाल बसलेले, सुमित्राबाई पुढं म्हणाल्या, नाक असं सरळ, टोकाशी थोडं रुंद, कपाळावर एक बट. आणि त्या गप्प झाल्या. मोनालीच्या कपाळावर बट कधीच नव्हती. तिची आई तिचे केस तेल लावून इतके घट्ट बांधे की कपाळ ताणलेलं दिसे. बट त्या यंत्रानं घातली होती आणि उमेंद्र ती काढायला विसरला होता. आपण मोनालीबद्दल सांगतच नव्हतो. तर मग दात? दात तरी खरा होता का?

“सांगा ना बाई,” कलाबाई डोळे न उघडता म्हणाली.

“नाही सांगता येत,” सुमित्राबाई म्हणाल्या.

कलाबाईनं डोळे उघडले. रागावली नाही. उठली, चपला घातल्या आणि फोटोला हात न लावता निघून गेली.

पुढचे दोन दिवस सुमित्राबाईंनी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. कोणाच्या घरी एखादी प्रत असेल म्हणून विचारलं. त्या वर्गातली डिंपल आता देवरीला असते, ती मोनालीच्या शेजारी बसे. ती म्हणाली, बाई, मोनाली म्हणजे ती गोरी ना? दुसऱ्यानं सांगितलं, ती बुटकी पोरगी. तिसऱ्याला ती आठवतच नव्हती. सुमित्राबाईंनी फोन ठेवला. त्यांनी मग डोळे मिटून वर्गात जाऊन पाहिलं, बाकांच्या रांगांमधून, एक ते बेचाळीस. बाविसाव्या क्रमांकापर्यंत सगळे चेहरे जागच्या जागी होते. तेवीसवर बट असलेली मुलगी बसली होती. चोविसाव्यापासून पुन्हा सगळं ठीक.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी कलाबाई आली. पायरीखाली उभी राहिली. वर ये म्हटलं तरी आली नाही.

“तुम्ही मले ते कायले दाखवलं जी?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पह्यले काहीच दिसत नव्हतं. पन कधी कधी वाटे, आता येईन, आता येईन. काम करता करता वाटे, मागं उभी आहे. आता डोळे मिटले का हेच पोरगी येऊन उभी राहते. तिले बाजूला सारली तं मागं कोनीच नाही.”

अंगणात ऊन इतकं पांढरं होतं की कलाबाईचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“द्या ते,” ती म्हणाली. “उद्या सकाळच्या गाडीनं पोरगा येऊन राहिला. तो तं लहान होता, त्याले काय मालूम. खिळा रिकामा नको दिसाले.”

सुमित्राबाईंनी कोनाड्यातून पाकीट आणून दिलं. कलाबाईनं फोटो बाहेर काढला, पण पाहिला नाही. तो उलटा करून तिनं परत त्यांच्यापुढं धरला.

“मागं नाव लिहून द्या. तुमच्या अक्षरात. तुम्ही लिहिलं म्हंजे कोनी विचारनार नाही.”

सुमित्राबाई पेन घेऊन ओसरीच्या कडेला बसल्या. त्यांनी कागद गुडघ्यावर दाबून धरला. फळ्यावर लिहीत तसं, प्रत्येक अक्षर सुटं काढत त्यांनी लिहिलं : मोनाली सेवकराम उके. इयत्ता सातवी. दवनीवाडा. मग तारीखही घातली, फोटो काढला त्या दिवसाची.

कलाबाई अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. काय लिहिलं, असं तिनं विचारलं, आणि सुमित्राबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग अक्षरं वर आणि तोंड खाली, असा फोटो दोन्ही हातांत धरून ती उन्हातून टोलीच्या वाटेला लागली.